तीन फेऱ्या आणि ओंजळभर पाणी

"ए बाई, ऊठ तिथून! कालच बसवलाय तो दगड!"

ओर्नेला दचकली, पण उठेल तर शपथ. इटलीतल्या गुब्बिओ गावच्या तटाबाहेरचं हे पडकं रोमन नाट्यगृह म्हणजे तिची जेवायची जागा, अगदी शाळेपासूनची. आणि हा कोण टिकोजीराव, धुळीनं माखलेला, तिला उठवणार?

"दोन हजार वर्षं टिकलाय. माझ्या बसण्यानं नाही मोडायचा."

"वजन बघूनच बोलतोय मी."

अस्सं! ती तोंड उघडणार, तोच पावसाची सर कोसळली. दोघंही धावले आणि नेमके एकाच कमानीखाली शिरले. तिनं दगडावर भाजलेल्या क्रेश्चा रोटीचा, आतल्या पालेभाजीसकट, अर्धा तुकडा मोडून त्याच्यापुढं धरला. "घे. तेवढंच माझं वजन कमी!"

तो हसला. गालाला खळी पडत होती मेल्याच्या...

हा तुल्लिओ, मूळचा दूर दक्षिणेतल्या लेच्चेचा. निखळलेले दगड सांधायला एका हंगामापुरता आलेला. पुढं रोज दुपारी तिच्या डब्यात दोन क्रेश्चा येऊ लागल्या. ती मावशीच्या कारखान्यात मातीच्या ताटल्या रंगवायची. तिच्या बोटांवरचा निळा रंग तो ओल्या फडक्यानं पुसायचा... सावकाश, एकेक बोट. जुन्या दगडांची सवय असलेला हात होता तो. तिला वाटायचं, हा रंग कधी निघूच नये.

जूनमध्ये काम संपलं. सिसिलीतल्या मोठ्या उत्खननावरून बोलावणं आलं. इथल्या संग्रहालयातही नोकरीची एक जागा होती. आज संध्याकाळपर्यंत कुठंतरी होकार द्यायचा होता.

"काय करू, ओर्नेला?"

"मला काय विचारतोस? पाय तुझे, वाट तुझी."

पोटात नुसतं 'राहा, राहा' चाललं होतं. पण आधी त्यानं बोलावं ना! तिचा हट्ट म्हणजे हट्ट.

तो तिला चढावरून वर घेऊन गेला, थेट वेड्यांच्या कारंज्यापाशी. बाहेरच्या माणसानं त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारायच्या, गावच्या माणसानं पळणाऱ्यावर पाणी उडवायचं. की झाला तो गुब्बिओचा वेडा, म्हणजे गावचाच. पाहुणेमंडळी हौसेनं पळतात. तुल्लिओ मात्र इतके महिने कारंज्याकडं फिरकलाही नव्हता.

आज तो पळाला. एक... दोन... तीन. मग धापा टाकत, डोळे मिटून तिच्यासमोर उभा राहिला.

तिचे हात पाण्यात होते. नुसती ओंजळ उचलायची होती! पण मनात आलं, निघताना एक आठवण म्हणून पळतोय हा, पाहुण्यांसारखा. शब्दानं सांगायला काय होतं याला?

"उद्या जाणाऱ्याला कशाला वेडं करायचं?" ती हसत म्हणाली आणि हात झटकले.

त्यानं डोळे उघडले. खळी कुठं गेली कोण जाणे.

"बरं," तो म्हणाला. "मग संध्याकाळी सिसिलीला होकार कळवतो. सकाळच्या बसनं निघतो."

रात्री घरी तिनं सगळं सांगितलं, तशी ब्रुनिल्दे मावशीनं कपाळावर हात मारला. "अगं करंटे, लाजरा माणूस आणखी कसं विचारणार? 'मला गावचा कर' म्हणत होता तो!"

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तिनं स्वतः रंगवलेला मग कारंज्यात बुडवला आणि उतारावरून बसथांब्याकडं धूम ठोकली. निम्मं पाणी वाटेतच सांडलं. बस सुरू झाली होती. खिडकीशी तुल्लिओ होता.

"थांब! तुल्लिओ, थांब रे... राहा!"

अखेर शब्द फुटला, पण गाडीच्या घरघरीत विरून गेला. तिनं मगातलं होतं नव्हतं ते पाणी त्याच्यावर भिरकावलं.

तो अर्धवट उठला. तिच्याकडं पाहिलं, हातातल्या मगाकडं पाहिलं... सगळं कळलं त्याला. पण सिसिलीला शब्द देऊन झाला होता, आणि दिलेला शब्द मोडणाऱ्यांतला तो नव्हता. हळूच मान हलवून तो खाली बसला आणि तळहात काचेला टेकवला.

बस वळणाआड गेली. खिडकी बंद होती. पाणी बाहेरूनच ओघळलं, आतला तुल्लिओ कोरडाच राहिला.