खालच्या सुरातली घरघर

पेठला हायवेलगत गेणभाऊंचं स्पीकर-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या बाकड्यावर प्रांजलनं आपली बेस गिटार ठेवली आणि पाहते तर काय, शेजारी आणखी एक बेस गिटार! या भागात असलं वाद्य वाजवणारी आपण एकटीच, असं तिला आजवर वाटत होतं.

"तारा कधी बदलल्यात शेवटच्या?" त्या गिटारीचा मालक वाकून बघत होता.

"बदलत नाही मी. जुन्या तारांचा टोन आवडतो मला."

"गंजलेला?"

"मुरलेला," ती ठसक्यात म्हणाली. "लोणच्यासारखा. सगळ्यांनाच नाही कळत तो."

तो हसला... आणि प्रांजलला उगाचच आपली ओढणी सारखी करावीशी वाटली.

"आरं राव," गेणभाऊ सोल्डरिंग थांबवून म्हणाले, "तारा चारच हायेत, अन् भांडान केवढं!"

तो बोरी बुद्रुकचा आदेश. पुण्यात एका स्टुडिओत काम करून गावी परतलेला. शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या जुन्या खोलीत त्यानं रेकॉर्डिंगची सोय केली होती. पण संध्याकाळी काहीही रेकॉर्ड केलं की तळाशी बारीक घरघर यायची. केबल बदलून झाली, ॲम्प्लिफायर दोनदा गेणभाऊंकडे येऊन गेला, तरी ती जाईना.

"मला पाठवा की ऐकायला," प्रांजल म्हणाली. नंबर द्यायला निमित्त बरं होतं.

मग रेकॉर्डिंगं येऊ लागली. मंचरच्या कॉलेजात लॅब असिस्टंट असलेली प्रांजल ती जेवणाच्या सुट्टीत ऐकायची. फोनच्या स्पीकरवर खालचे सूर नीट येत नाहीत. घरघर तिला कधी ऐकूच आली नाही. ऐकू यायचा तो आदेश, सुरू करण्याआधी हळूच म्हणणारा... "प्रांजल, हे बघ जमलंय का." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एका रविवारी ती स्कूटीवरून बोरीला निघाली. तिचे वडील यमाजी मेंढ्यांना पाणी पाजत होते. "दीस मावळायच्या आत माघारी फिर गं. तिकडं लई ऊस हाय."

"हो आबा," ती म्हणाली. पण आदेशच्या आईनं, साळुबाईंनी, जेवल्याशिवाय सोडलं नाही. मग वाजवणं सुरू झालं, आणि दिवस कधी कलला ते समजलंच नाही.

"आली बघ घरघर," आदेश कानावरचा हेडफोन काढत म्हणाला. "अर्थिंगच खराब असणार. बाहेर उसाच्या कडेला अर्थिंगचा खड्डा आहे, त्यात मी पाणी ओततो. तू ऐकत राहा. कमी झाली की हाक मार."

"आणि नाही झाली तर?"

"तर तुला पुढच्या रविवारी परत यावं लागेल," असं म्हणून तो बादली घेऊन गेलासुद्धा.

प्रांजलनं हसत हेडफोन चढवला. माइक खिडकीशी उभा होता. आधी कानात बादलीचा आवाज आला, मग ओल्या मातीत पाणी मुरल्याचा. आणि त्याखाली... ती घरघर.

तिचं हसू विरलं.

विजेची घरघर एकसारखी असते. ही थांबत होती. थांबून पुन्हा येत होती – लाकडावर करवत पुढं-मागं ओढावी तशी. ही घरघर श्वास घेत होती.

लहानपणी मेंढरांच्या वाड्यावर असताना एकदा तिनं हा आवाज ऐकला होता. त्या वेळी कुत्री एकाएकी गप्प झाली होती, आणि आबांनी तिच्या तोंडावर हात ठेवला होता.

तिनं खिडकीतून पाहिलं. आदेश पाठमोरा, खड्ड्यावर ओणवा झालेला. वारा पडलेला होता, तरी त्याच्यामागची उसाची पानं हलत होती. त्या पानांत, जमिनीला पोट लावून, काहीतरी पिवळं दबून बसलं होतं.

तिला ओरडायचं होतं, पण घशातून हवाच येईना. आणि करवत... करवत थांबली होती.

गळ्यात गिटार होती. तिनं ॲम्प्लिफायरची बटणं दिसतील तशी शेवटपर्यंत पिरगाळली आणि सगळ्यात जाड तारेवर मूठच हाणली.

खोलीचे पत्रे थरारले. आवाज चिरकला, फाटला, पार विद्रूप झाला. ती हाणत राहिली... पुन्हा, पुन्हा. उसात एकदम सळसळ उठली आणि दूर दूर जात विझली.

"आदेश!" आता कुठं तिला कंठ फुटला. "आत ये! बिबट्या!"

तो बादली टाकून धावला. दार लावून दोघं त्याला पाठ टेकून उभे राहिले. घराकडून साळुबाईंची हाक आली, "काय झालं रं?" "आई, बाहेर येऊ नको! दार लाव!" आदेश ओरडला. मग त्यानं फोन करून शेजारच्या वस्तीवरच्या माणसांना बोलावलं. एव्हाना त्याचा हात प्रांजलच्या हातात होता. कुणी कुणाचा धरला, सांगता आलं नसतं.

"महिनाभर मी त्याला अर्थिंग म्हणत होतो," आदेश कोरड्या ओठांनी म्हणाला. "तू वाजवलंस म्हणून... आणि काय भयंकर टोन होता गं तो!"

तो तिला हसवू पाहत होता. ती रडू लागली.

"प्रांजल... गेला तो आता."

"मला त्याची भीती नाही वाटत." तिनं डोळे पुसले, ते पुन्हा भरले. "तुझी सगळी रेकॉर्डिंगं माझ्या फोनमध्ये आहेत. मघाशी वाटलं... आता एवढीच उरणार. मला ती नकोत, आदेश. मला तू हवायस. समोर बसून वाजवणारा."

बाहेर बॅटऱ्या घेऊन माणसं येत होती, हाळ्या देत होती. आदेशनं हात पुढं करून अजून चालूच असलेलं रेकॉर्डिंग बंद केलं आणि मग म्हणाला,

"आता म्हण पुन्हा... फक्त मला."