उतारावर न्यूट्रल

मार्गमेळाच्या अपघात प्रयोगशाळेत जयवंत तोरस्कर त्या महिन्यात तिसऱ्यांदा आले आणि आल्या आल्या त्यांनी खुर्ची नाकारली. राज्यातल्या जवळजवळ सगळ्या गाड्या स्वतः चालवणारी यंत्रणा म्हणजे मार्गमेळ. याच मार्गमेळाने पाच महिन्यांपूर्वी, भर दुपारी, कासारी घाटात त्यांच्या मुलीची, ऋजुताची गाडी कठडा तोडून दरीत घातली होती. उद्या अकराला सुनावणी होती. माणसाला आपली गाडी आपल्या हाताने चालवायचा हक्क परत मिळावा, या अर्जावर साठ हजार सह्या होत्या आणि पहिली तोरस्करांची होती. यंत्राने पोरीला मारलं एवढं कागदावर आलं की त्यांचं काम झालं.

तोरस्कर हट्टी माणूस. नुसता हट्टी असता तर चाललं असतं, पण त्या हट्टाचं कौतुक करून घ्यायचीही खोड होती. कोल्हापुरात तीस वर्षं गिअरचे दाते कापण्यात गेलेली. मनगटावर किल्लीचं घड्याळ. सकाळी किल्ली दिली नाही तर ते थांबतं, म्हणजे त्याला आपली गरज आहे, असं ते भेटेल त्याला ऐकवत. हातगिअरची गाडी रविवारी रस्त्यावर आणायचा परवाना राज्यात अकरा जणांकडे उरला होता, त्यांत हे एक. दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना तळहाताला जो खटका लागतो, त्यासाठी हा माणूस आठवडा काढायचा. आणि खरं सांगायचं तर त्या सुखाला हसणारे आपण कोण?

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. नसीमा बागवान यांनी याआधी दोनदा अपघाताची नोंद तयार नाही म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. ते खोटं होतं. नोंद तयार होती, बाईंनी ती वाचलीही होती, आणि म्हणूनच दाखवायचा धीर होत नव्हता. आज मात्र त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर घाटाचा नकाशा लावला.

"काका, आधी एक समजून घ्या," त्या म्हणाल्या. "रस्त्यावरची प्रत्येक गाडी पुढच्या क्षणी काय करणार हे मार्गमेळाला माहीत असतं, कारण ती तोच चालवतो. म्हणून गाड्या हातभर अंतरावरून शंभरच्या वेगाने धावतात. तुमची गाडी काय करणार हे त्याला माहीत नसतं. तो इंजिनाच्या आवाजावरून गिअर ओळखतो आणि अंदाज बांधतो. गिअरमध्ये असलेली गाडी फार काही वेडंवाकडं करू शकत नाही. मग तो तुमच्यामागे चारशे मीटर रिकामे ठेवतो."

माझ्या गाडीचा इथे काय संबंध, असं तोरस्करांनी विचारलं. संबंध आहे, असं त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी दुपारी पावणेबाराला, तिसऱ्या वळणानंतर तुम्ही काय केलंत, असा उलट प्रश्न केला.

त्यांना आठवायची गरज नव्हती. त्या अकरा जणांचा खेळच होता तो. तिसरं वळण संपलं की गाडी न्यूट्रलला टाकायची आणि खालच्या पुलाकडे लोळत जायचं. ज्याची गाडी सर्वांत लांब जाईल तो जिंकला. लोळण म्हणत त्याला. इंजिन गप्प होतं आणि नुसता वारा ऐकू येतो. त्या दिवशी ते एकटेच होते, पण हाताला सवय. टाकली न्यूट्रलला.

न्यूट्रलमधली गाडी काय करणार हे मार्गमेळाला ओळखता येत नाही, असं बाईंनी सांगितलं. मग चारशे मीटरच्या जागी दोन किलोमीटर रिकामे करावे लागतात, तेही तत्काळ. मागच्या गाडीने वेग कमी केला, तिच्या मागचीने आणखी थोडा कमी केला. प्रत्येक गाडीने पुढचं थोडंथोडं अंतर खाल्लं. नऊ किलोमीटर मागे, घाटाच्या माथ्याजवळ, खायला अंतरच उरलं नाही. तिथली रांग एकमेकांवर आदळून सगळीच दरीत गेली असती. एक गाडी रांगेबाहेर काढणं भाग होतं.

तोरस्कर आता खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, की ऋजुताचीच का?

"पुढच्या गाडीत नवरा-बायको आणि तान्हं मूल होतं. मागे बस, चौतीस माणसांची. तिच्या गाडीत एकच माणूस होतं."

बाप-लेक दोघंही त्या दिवशी एकाच वास्तुशांतीला कोकणात निघाली होती. तिने आधी आठवडाभर आर्जवं केली होती, बाबा, या वेळी माझ्यासोबत चला. यंत्राच्या मांडीवर बसून मी पाहुण्यांकडे जाणार नाही, असं यांनी तिला सुनावलं होतं, आणि तासभर आधी आपली गाडी काढली होती. हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा.

"एकच होतं हे यंत्राला कसं कळलं?" ते चिडून म्हणाले. "अंदाजच ना? चुकला असेल."

बाईंनी नकारार्थी मान हलवली. किती जण आहेत हे निघताना गाडी विचारते, त्याचं ध्वनिमुद्रण आहे, पण ऐकू नका, असं त्या कळवळून म्हणाल्या. तोरस्करांनी ऐकायचंच म्हटलं.

आणखी कोणी बसणार आहे का, असं गाडीने विचारलं. मग ऋजुताचा आवाज आला, जरा धापा टाकत. "थांब, बाबांना फोन लावते. वाटेत कुठे थांबले असतील तर म्हणावं, घ्यायला येते." फोनची रिंग पूर्ण वाजून बंद झाली. तिने पुन्हा लावला, तोही तसाच बंद झाला. गाडीने तोच प्रश्न परत विचारला.

"नाही," ती म्हणाली. "एकटीच आहे. चल."

तोरस्कर हमसून हमसून रडले. गाडी चालवताना ते फोन उचलत नसत, दोन्ही हात कामात असतात हे त्यांना मोठं भूषण वाटायचं. बाई पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या की कायद्याने तुमचा गुन्हा नाही, हे मुद्रण सुनावणीत लावायलाच हवं असंही नाही, नकाशा पुरेल. राज्यात अशा अकराच गाड्या असताना हे झालं, साठ हजार झाल्या तर काय होईल ते लोकांना नकाशावरूनही कळेल.

"नाही कळणार," तोरस्कर म्हणाले. "मला कळलं असतं का? उद्या तिचा आवाज लावा. फोन कुणी उचलला नाही, ते मी उभा राहून सांगतो."