मोजणीसाहेबांचा खांदा

"शर्टाची वरची दोन बटणं काढा आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहा."

तो दारात उभा होता, एक खांदा वर आणि एक खाली. मी सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. असे खांदे मला लांबूनच दिसतात. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मला आधीच वैताग आला होता. शेकाचं मशीन बंद पडलेलं, पंखा नुसताच कुरकुरत होता...

"बोलू नका. हात वर. अजून वर!"

बिचाऱ्याने दहा मिनिटं निमूटपणे भिंतीवर बोटं चढवली.

"आता कार्ड द्या," मी म्हणाले.

"माझं कार्ड नाहीये..." त्याने खिशातून ओळखपत्र काढलं. "मी आरोग्य कार्यालयातून आलोय. इथे किती पेशंट येतात ते मोजायला. पण खांद्याला खरंच बरं वाटतंय हं."

मी कपाळावर हात मारला.

फिजिओथेरपी मोफत आरोग्य योजनेतून काढायची असं घाटत होतं. कारण काय, तर म्हणे कोणी येत नाही! पुढचे तीन दिवस हा माणूस सकाळी दहा ते बारा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला आणि मोजत राहिला. पहिल्या दिवशी तीन. दुसऱ्या दिवशी दोन. दवाखान्यात त्याचं नाव पडलं मोजणीसाहेब.

तिसऱ्या दिवशी माझा संयम संपला.

"अहो, सकाळी लोक कामावर असतात! अर्धांगवायू झालेल्या माणसाला इथवर आणायला घरातलं कोणीतरी लागतं, आणि ते कोणीतरी चारनंतरच सुटतं!"

"फॉर्मवर वेळ छापलेलीच आहे," तो अपराधी चेहऱ्याने म्हणाला. "दहा ते बारा."

"अहो, पण तुम्हाला डोळे आहेत ना? फॉर्म बाजूला ठेवा आणि चार वाजता या!"

वाटलं नव्हतं, पण आला. चार वाजता रांग जिन्यावरून थेट खाली औषधांच्या खिडकीपर्यंत गेली होती. कुबड्या, काठ्या, पाठुंगळीला बसलेली एक आजी... तो दाराशी थिजलाच. मग एकदम पुढे झाला आणि शिंपीकाकांना हात दिला. काकांची उजवी बाजू वर्षापूर्वी गेली होती. तेव्हा कात्री धरता येत नव्हती. आता रोज चाळीस पावलं चालत होते आणि शेजाऱ्यांच्या उशांचे अभ्रे शिवत होते.

"नवीन मदतनीस का, बाई?" काकांनी विचारलं.

"छे! हे मोजायला आलेत. अहो, तसं नाही, कोपराखाली धरा! अहो, हळू!"

"मग साहेब, हे पण मोजा," काका गालात हसत म्हणाले. "बाईंनी तुम्हाला आतापर्यंत किती वेळा 'अहो' म्हटलं?"

माझे कान तापले. तो मात्र काकांच्या पावलांकडे बघत राहिला. फार गंभीरपणे... ओठ तेवढे हलत होते. हसू दाबत होता मेला!

त्यानंतर तो रोज चारला यायचा, स्वतःच्या वेळात. मी रागवायचे, तो चुका करायचा. पट्टी उलटी बांधायचा, पेशंटशी गप्पा मारता मारता व्यायाम विसरायचा. मी हातातली पट्टी ओढून घेतली की माझ्याकडे असा बघायचा की मीच कुठून गुंडाळायची ते विसरायचे.

तीन आठवड्यांनी सुनावणी झाली. लांबट खोली, समोर समितीचे पाच जण. मोजणीसाहेब अहवाल वाचायला उभे राहिले.

"सकाळी दहा ते बारा, सरासरी तीन पेशंट. दुपारी चार ते सात, सरासरी एक्केचाळीस."

"दुसरा आकडा कोणी मागितला होता?" अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कोणीच नाही, सर. पण पेशंट तेव्हा येतात."

मग शिंपीकाका उठले. दारापासून माइकपर्यंत काठी टेकत निघाले. खोलीत कोणी खोकलंसुद्धा नाही. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण 'लवकर करा' म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

"मला बोलायला दोन मिनिटं दिली होती," काका धापा टाकत म्हणाले, "ती चालण्यातच गेली. वर्षापूर्वी तुम्ही मला अख्खा दिवस दिला असतात तरी मी इथवर पोचलो नसतो. मला एवढंच सांगायचं होतं."

तासाभराने निकाल आला. फिजिओथेरपी योजनेत राहणार. आणि ज्यांना जिना चढवत नाही, त्यांना योजनेच्या त्याच कार्डावर घरी येऊन उपचार मिळणार! मी काकांना मिठीच मारली. मग त्याला शोधायला बाहेर धावले.

तो पायऱ्यांवर एकटाच बसला होता.

"माझी बदली झालीय," तो म्हणाला. "सोमवारपासून. बसने दोन तास लागतात."

"कधी कळलं?"

"काल. अहवालाची प्रत वर गेली तेव्हा."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला सुनावणीत बोलू दिलं नसतं."

खरं होतं. म्हणून तर जास्त राग आला.

"मला इतका वैताग आलाय ना तुमचा!"

"माहितीये..."

"काहीही माहिती नाही तुम्हाला! चार वाजले की माझे डोळे दाराकडे लागतात. मागच्या मंगळवारी तुम्ही आला नाहीत, तर मी एका आजींच्या धडधाकट गुडघ्याला शेक दिला! वीस मिनिटं! त्यांनीही सांगितलं नाही, म्हणाल्या, बरं वाटत होतं!"

तो हसला. मग हसू आवरलं, माझ्याकडे पाहिलं... आणि मला पायऱ्या, रस्ता, दवाखाना, काही दिसेना.

"मंगळवारी मी घरीच होतो," तो हळूच म्हणाला. "मनातलं तुम्हाला कसं सांगायचं त्याची तयारी करत. चार तास. एक वाक्य जमलं नाही. रविवारी येऊ का? तोवर जमवतो."

"नको."

त्याचा चेहरा उतरला.

"रविवारी मीच येते. दोन तास बसमध्ये तुझ्यावर निवांत चिडता तरी येईल."

त्याने झटकन मान वर केली.

"'तुझ्यावर' म्हणालीस," तो म्हणाला.

"पहिली बस कितीला आहे," मी त्याच्या शेजारी बसत म्हटलं, "ते सांग आधी."