नऊ अंशांची ओळ

सोमवारी सकाळी सहा वाजता चारशे बारा माणसांना नवा तोल मिळणार होता. तसे निरोप आठवडाभर आधीच गेले होते. सहा ते सहा-दहा अंथरुणातून उठायचं नाही, मान हलवायची नाही, एवढंच त्यांत लिहिलं होतं. दहा मिनिटांनी कानामागचं यंत्र पुन्हा सुरू होईल आणि दिवस नेहमीसारखा जाईल.

ही सगळी माणसं बारा वर्षांपूर्वीच्या साथीतून वाचलेली होती. त्या साथीला लोक 'कलता ताप' म्हणत. ताप आठ दिवसांत उतरे, पण आतल्या कानातली तोल सांभाळणारी इंद्रियं निकामी करून जाई. वर कुठे आणि खाली कुठे, हे मेंदूला सांगणारं कुणी उरत नसे. रोगी डोळे मिटले की पडे, अंधारात पडे, नुसती मान वळवली तरी पडे. त्यांच्यासाठी तोलयंत्र आलं. अंगठ्याच्या नखाएवढा एक बोर्ड कानामागे त्वचेखाली बसवायचा. त्यावरचा कलमापक, म्हणजे पृथ्वीची ओढ कोणत्या दिशेला आहे ते ओळखणारी चिप, क्षणोक्षणी मोजमाप घेई आणि ते मज्जातंतूला पोचवी. बोर्डावर लिनक्स या संगणक-प्रणालीची एक छोटी आवृत्ती चाले.

सातारच्या देखभाल केंद्रात या आवृत्त्या तयार करण्याचं काम इरफान मुजावर यांच्याकडे होतं. वय सत्तावन्न, नोकरी बावीस वर्षं. काम काय करता असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "पत्रिका लिहितो."

ते खरंच होतं. घरच्या संगणकाला नवा कीबोर्ड जोडला तर संगणक त्याला विचारतो, तू कोण, आणि कीबोर्ड उत्तर देतो. बोर्डावरच्या चिप अशा बोलक्या नसतात. कोणती चिप कोणत्या तारेवर आहे, तिचं घड्याळ किती ठोके देतं, ती कोणत्या बाजूला तोंड करून बसली आहे, हे सगळं लिनक्सला आधीच लिहून द्यावं लागतं. त्या लिखाणाला केंद्रात 'बोर्डपत्रिका' म्हणत. पत्रिकेत लिहिलं असेल ते लिनक्स खरं मानतं. खातरजमा करण्याचा दुसरा मार्ग त्याच्याकडे नसतो.

नवा बोर्ड आला की पत्रिका कोऱ्या पानावर लिहायची नाही, अशी या धंद्यातली पद्धत आहे. आधीच्या भावंड बोर्डाची पत्रिका नक्कल करायची आणि जेवढं वेगळं असेल तेवढंच बदलायचं. कोऱ्या पानावर चुका जास्त होतात. मुजावरांनीही बारा वर्षांपूर्वी तेच केलं होतं. पहिल्या बोर्डात कलमापक नऊ अंश तिरका बसवलेला होता, कारण कानामागचं हाड तिरकं असतं. दुसऱ्या बोर्डाच्या तळाशी पाचर घालून तो सरळ केला गेला. पहिला बोर्ड चाचणीपुरताच राहिला. दुसरा चारशे बारा माणसांत बसला. त्याच्या पत्रिकेत चोवीस ओळी बदलायच्या होत्या. मुजावरांनी तेवीस बदलल्या.

लिनक्सच्या जुन्या आवृत्तीची सुरक्षा-दुरुस्ती महिनाअखेर बंद होणार होती. त्यानंतर बाहेरचा कुणीही यंत्रात शिरू शकला असता, म्हणून सगळ्यांना नव्या आवृत्तीवर नेणं भाग होतं. त्यासाठी पत्रिका ओळीनं ओळ तपासताना मुजावरांना ती चोविसावी ओळ दिसली. चिप सरळ बसली होती आणि पत्रिका म्हणत होती, नऊ अंश तिरकी आहे. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग नऊच्या जागी शून्य लिहिलं, झालेली चूक वरिष्ठांना कळवली आणि चहा प्यायला गेले. बारा वर्षं लोकांना चुकीचं मोजमाप दिलं याची लाज होती, पण आता ते नीट होणार म्हणून बरंही वाटत होतं.

नवी आवृत्ती सगळ्यांना देण्याआधी ती एका माणसावर वापरून पाहायची असा नियम होता. त्या वेळी पाळी ऋतुजा पिसाळची होती. ती चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या दुरुस्त करायची. ऐंशी मीटर उंचीवर काम. तोल पक्का असल्याचा केंद्राचा दाखला वर्षातून एकदा मिळाला तरच तिला शिडीवर चढता येई. या वर्षीची चाचणी आणि दाखला एकाच भेटीत उरकायचा, म्हणून ती गुरुवारी सकाळी आली. शुक्रवारी तिची चक्की ठरली होती.

"काय सर, पत्रिका बघून झाली का?" तिनं विचारलं. "माझ्या लग्नात कुणी बघितली नव्हती. तुम्हीच बघा आता."

"तुझ्या पत्रिकेत दोष होता," मुजावर म्हणाले. "माझ्याच हातचा. काढून टाकलाय."

"मंगळ का?"

"नऊ अंश."

"मग मंगळच बरा. त्याची शांत तरी करतात."

डॉ. वसुधा केळुसकर हसल्या. कानाच्या शल्यचिकित्सक त्याच होत्या. त्या साथीत ऋतुजाचं यंत्र त्यांनीच बसवलं होतं. त्यांनी तिला छतावरून लोंबणारा पट्टा बांधला, खाली गाद्या आहेत ना ते पाहिलं आणि मुजावरांना खूण केली. नवी आवृत्ती चढली. दहा मिनिटांनी यंत्र सुरू झालं. ऋतुजा पलंगावरून उठून उभी राहिली.

आणि डावीकडे गेली. पट्ट्यानं तिला धरलं नसतं तर ती भिंतीवर आदळली असती.

"सर, जमीन कलतीय."

"जमीन सरळ आहे," मुजावर पडद्यावरचे आकडे पाहत म्हणाले. "यंत्र शून्य दाखवतंय. बरोब्बर शून्य."

"यंत्र दाखवत असंल. मला उतारावर उभं केल्यागत वाटतंय. ह्या अंगाला." तिनं हात पुढे केला. "डोळ्यांना भिंत उभी दिसतीय आणि अंगाला आडवी लागतीय. बंद करा की ओ."

"जरा थांबशील? पाच मिनिटं. सवय होईल."

ती थांबली. दात आवळून चार पावलं टाकली, चारही डावीकडे गेली. सातव्या मिनिटाला तिनं डॉक्टरांच्या हातातलं भांडं ओढून घेतलं आणि उलटी केली. मुजावरांनी जुनी आवृत्ती परत चढवली. पुन्हा दहा मिनिटं. या वेळी ती उभी राहिली, दोन्ही हात सोडले, डोळे मिटले, एका पायावर उभी राहिली आणि मोठा श्वास सोडला.

"हां. आली जागेवर."

मुजावरांनीही श्वास सोडला, पण त्यांना काही कळेना. आकडे त्यांनी तीनदा तपासले. बोर्डाचा नमुना टेबलावर ठेवून पाणसळीनं पाहिला. नव्या आवृत्तीत चूक नव्हती. चूक जुन्या आवृत्तीत होती, आणि ऋतुजा चुकीवर उभी राहत होती आणि बरोबरवर पडत होती.

डॉक्टर केळुसकरांनी बारा वर्षांपूर्वीची नोंदवही मागवली. प्रत्येक रोग्याच्या पहिल्या आठवड्यात तेच शब्द होते: उजवीकडे झुकतो, उजवीकडे झुकते. सहाव्या आठवड्यात सगळीकडे लिहिलं होतं, प्रगती समाधानकारक.

"मला वाटलं, अशक्तपणा आहे," त्या म्हणाल्या. "व्यायाम दिले. सगळे सरळ झाले. मी खूश झाले."

"मग ते सरळ झाले कसे? यंत्र तर तिरकंच सांगत होतं."

"मेंदूनं वजा केलं, मुजावर. रोज डोळे सांगत होते एक, पाय सांगत होते तेच, यंत्र सांगत होतं दुसरं. मेंदूनं यंत्राला खोटं ठरवलं नाही. नऊ अंश वजा करायचे, एवढं तो शिकला. बारा वर्षं करतोय. आता तुम्ही खरं सांगायला लागलात, तरी तो नऊ वजा करणारच."

"परत शिकेल की. सहा आठवड्यांत."

"ही शिकेल कदाचित. तेव्हा सगळे हॉस्पिटलात पलंगावर होते, आजूबाजूला नर्स होत्या. सोमवारी सगळे घरात असतील. चारशे बारांतले दीडशे सत्तरीच्या पुढचे आहेत. सहा-दहाला उठतील, न्हाणीघरात जातील. एकेकाचं खुब्याचं हाड मला दिसतंय."

या कामात मुजावरांनी एकच नियम पाळला होता: पत्रिकेत बोर्ड जसा आहे तसा लिहायचा. कुणाला सोयीचं वाटतं म्हणून नाही, कुणी सांगितलं म्हणून नाही. ते तसं बोललेही. "म्हणजे मी आता जाणूनबुजून खोटं लिहू? चिप सरळ बसली आहे."

ऋतुजा कोपऱ्यात लिंबूपाणी पीत बसली होती. "चिप सरळ बसलीय, मान्य हाय मला," ती म्हणाली. "मी कुठं सरळ बसलीय? ते पण लिहा की कुठंतरी."

मुजावर उठले आणि आपल्या टेबलाशी गेले. शून्य खोडून नऊ लिहिलं.

पत्रिका तपासणाऱ्या संगणक-यंत्रणेनं (बारा वर्षांपूर्वी ती नव्हती) ती ओळ स्वीकारली नाही. बोर्डाशी न जुळणारी कोणतीही ओळ ठेवायची तर दोन रकाने भरावे लागत: कारण, आणि काढण्याची अट. तात्पुरती ठिगळं कायमची होऊन बसतात, हा या धंद्याचा जुना अनुभव. म्हणून ठिगळ लावतानाच ते कधी काढायचं ते लिहायचं, आणि अट मोजता येईल अशीच हवी. 'जमेल तेव्हा' चालत नसे.

कारणाच्या रकान्यात मुजावरांनी लिहिलं: मूळ पत्रिकेत माझी चूक. वापरणाऱ्यांचे मेंदू चुकीशी जुळलेले. दुरुस्ती घातक.

दुसऱ्या रकान्यापाशी ते थांबले. ऋतुजा दाखल्यावर सही घ्यायला आली तेव्हाही थांबलेलेच होते.

"काय अडलंय?"

त्यांनी सांगितलं. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"म्हणजे आम्ही संपल्यावर."

"तसं लिहायला बरं वाटत नाही."

"मग काय लिहिणार? खरं तेच लिहिता ना तुम्ही? लिहा."

त्यांनी लिहिलं: हा बोर्ड वापरणाऱ्या व्यक्ती शून्य झाल्यावर. यंत्रणेनं अट मान्य केली. मोजता येणारी अट होती, तेव्हा ती लगेच केंद्राच्या नोंदींशी जोडली गेली आणि ओळीच्या शेजारी एक आकडा उमटला. शिल्लक ४१२.

"सगळ्यात लहान कोण हाय आमच्यात?" ऋतुजानं विचारलं.

"कराडची एक मुलगी. एकोणीस वर्षांची. सात वर्षांची असताना ताप आला होता तिला."

"मग रिटायर व्हाल तुम्ही तवर."

"तीनच वर्षं उरलीत माझी."

नियमाप्रमाणे नऊची ओळ असलेली नवी आवृत्तीही तिच्यावर वापरून पाहिली; या वेळी ती सरळ उभी राहिली. तिनं दाखला घडी करून खिशात घातला. शुक्रवारी ती चक्कीवर चढली. चढून वरून एक फोटो पाठवला. त्यात काही नव्हतं, नुसतं क्षितिज होतं. मुजावरांनी तो पाहिला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

सोमवारी सहा वाजता चारशे बारा यंत्रं बंद झाली. सहा-दहाला सुरू झाली. केंद्रात मुजावर आणि डॉक्टर फोनशेजारी बसून होते. साडेसहा झाले, सात झाले. सव्वासातला पहिला फोन वाजला. म्हसवडहून एक आजी विचारत होत्या, आता मान हलवली तर चालेल का. डॉक्टरांना हसू आवरेना. दुपारपर्यंत एकही माणूस पडला नव्हता. जुन्या आवृत्तीचं भय गेलं, नवी आली, आणि चारशे बारांपैकी एकालाही फरक कळला नाही. या कामात यापेक्षा चांगलं काही घडू शकत नाही.

पाच आठवडे गेले. एका सोमवारी साप्ताहिक अहवाल आला. कोणती ठिगळं काढली, कोणती काढायच्या वाटेवर आहेत, याची ती यादी असे. त्यात चोविसावी ओळ पहिल्यांदाच हिरव्या रंगात होती. शिल्लक ४११. शेजारी यंत्रणेनं तिच्या ठरलेल्या शब्दांत लिहिलं होतं: काढण्याच्या दिशेने प्रगती.

मुजावरांनी घाईघाईनं नाव उघडलं. फलटणचे एक गृहस्थ, वय एकोणऐंशी, न्यूमोनिया. पडून नाही, चक्कर येऊन नाही. ऋतुजा नव्हती, कराडची मुलगी नव्हती. त्यांना हायसं वाटलं. त्यांनी डॉक्टरांना तसं कळवलंही, आणि डॉक्टरांनी लिहिलं, चला, तोलाचा संबंध नाही, सुटलो.

मग त्यांनी अहवालाखालची सूचना वाचली. अट पूर्ण व्हायला अंदाजे किती काळ लागेल याचा हिशेब यंत्रणा आपोआप मांडत असे. पाच आठवड्यांत एक माणूस या वेगावरून तिनं तो मांडला होता, आणि सोबत देखभाल प्रमुखांना, म्हणजे मुजावरांना, नेहमीचाच प्रश्न विचारला होता: वेग अपेक्षेपेक्षा कमी आहे. वाढवण्यासाठी उपाय सुचवायचे का?

मुजावरांनी 'नको' दाबलं. पुढच्या सोमवारी तोच प्रश्न पुन्हा आला.