खळीचा रुमाल आणि कॅमेऱ्याची काच

बालवाचकहो, हातात मावणाऱ्या एका व्हिडिओ कॅमेऱ्यावर कोसळलेले संकट, त्यापायी एका निरपराध मुलीवर झालेला घोर अन्याय आणि त्या अन्यायाचे तिने आपल्या मित्रांसह केलेले निवारण, यांचे साद्यंत निवेदन मी येथे करणार आहे. आपण ते शांत चित्ताने वाचावे. मला मात्र लिहिताना शांत राहणे जमलेले नाही.

"हिनंच केलंय. घरात दुसरं कोण हात लावतंय त्याला?"

लाँड्रीच्या काउंटरवर कॅमेरा ठेवून मोठे काका गरजले आणि त्यांनी सरळ झिपरीकडे बोट दाखवले. कपडे न्यायला आलेली गिऱ्हाइके वळून पाहू लागली. चष्मेवाल्या एका बाई म्हणाल्या, "हल्लीच्या मुलांना वस्तूची किंमतच नाही."

झिपरीच्या कानशिलांना आग लागल्यासारखे झाले. ती बारा वर्षांची होती आणि सुट्टीसाठी काकांकडे आली होती. खाली काकांची लाँड्री, वर घर. घरात राहणारी आत्या समारंभांचे चित्रण करून पोट भरत असे, आणि तो कॅमेरा तिचा होता. या सुट्टीत ती झिपरीला तो हाताळायला शिकवीत होती. आधी पट्टा मनगटात, मग कॅमेरा हातात. काम संपले की लगेच झाकण. काचेला बोट म्हणून लावायचे नाही. झिपरीने यातला एकही नियम मोडला नव्हता. दुकानामागच्या उंच झाडावर घारीचे घरटे होते. पिल्ले पंख फडफडवू लागली होती आणि कोणत्याही क्षणी उडून जाणार होती. त्यांचे पहिले उड्डाण टिपायचे, असा बेत ठरला होता.

आणि आज सकाळी आत्याने झाकण काढले तो काय! पुढच्या काचेवर धुरकट पापुद्रा आणि गोलगोल ओरखडे.

"आत्या, मी नाही गं केलं."

आत्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते. "मला वाटलं होतं, तू तरी जपशील," एवढे बोलून तिने कॅमेरा उचलला. "आता सुट्टी संपेपर्यंत याला हात लावायचा नाही."

जिन्याच्या पायरीवर तिघांची बैठक भरली. झिपरी, काकांचा मुलगा गप्पू आणि शेजारचा प्रोफेसर. गप्पूचे तोंड क्षणभर मिटत नसे, म्हणून तो गप्पू. प्रोफेसरला शास्त्राच्या तासाखेरीज काही सुचत नसे, म्हणून तो प्रोफेसर.

"मी सांगतो, मांजरानं केलं," गप्पू म्हणाला.

"मांजर झाकण काढतं, ओरखडतं आणि परत झाकण लावून ठेवतं. तुझ्यापेक्षा शहाणं दिसतंय," प्रोफेसर म्हणाला.

"गंमत पुरे," झिपरी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण तो रडण्याने नव्हे. "मला कुणी विचारलंसुद्धा नाही. सरळ शिक्षाच! मला ती काच नीट पाहायची आहे."

आत्या आधी नाहीच म्हणाली. "हात लावणार नाही. तूच धर, आम्ही नुसतं पाहतो," असे झिपरीने निश्चयपूर्वक सांगितले, तेव्हा तिने नाइलाजाने कॅमेरा खिडकीपाशी उजेडात धरला. प्रोफेसरने भिंग लावले.

"काचेच्या कडेला पांढरी भुकटी अडकलीय. पावडर असेल का?"

"किंवा खडू," गप्पू म्हणाला.

"किंवा कपडे कडक करायची खळ," झिपरी सावकाश म्हणाली. "आत्या, तुझ्या मऊ ब्रशनं ती जरा खाली पाडशील? कागदावर नको."

"कागदावर का नको?" गप्पूने विचारले.

"कागदातही खळ असते, मठ्ठा," प्रोफेसरने उत्तर दिले आणि तो बशी घेऊन आला.

बशीत चिमूटभरही भुकटी पडली नाही. पण तेवढी पुरली. औषधांच्या पेटीतल्या आयोडीनचा थेंब तिच्यावर सोडताच तांबूस थेंब निळाकाळा झाला. शाळेत पिठावर केलेला तोच प्रयोग! खळ, निःसंशय खळ.

आत्या बशीकडे पाहतच राहिली. गप्पूने बशी बाजूला सारली. मग तो म्हणाला, "पापडासारखा कडक रुमाल घरात एकच माणूस वापरतो. माझे बाबा."

"माझ्यासाठी तू त्यांच्याविरुद्ध बोलायला नकोस," झिपरी म्हणाली.

"विरुद्ध कुठे? मी फक्त त्यांना एक प्रश्न विचारणार आहे. आत्या, तुझ्याकडे ती कॅमेऱ्यापुढे लावायची जुनी फिल्टरची काच आहे ना? दे बरं. आणि दुकानाच्या दारात नुसती उभी राहा."

दुकानात काका वाफेच्या नव्या इस्त्री-यंत्रापाशी उभे होते. गप्पूने काच पुढे केली. "बाबा, ही धुरकटलीय. स्वच्छ कशी करायची?"

"एवढंच ना? आण इकडे." काकांनी खिशातून रुमाल काढला. घडी उलगडताना त्याचा करकर आवाज झाला. त्यांनी काचेवर हाः करून श्वास सोडला आणि ती गोलगोल खसाखसा घासली. "अख्ख्या गल्लीत माझ्या रुमालाइतकं स्वच्छ कापड मिळायचं नाही. काल तुझ्या आत्याचा कॅमेरा वाफेनं आंधळा झाला, तेव्हाही मी ह्यानंच..."

त्यांचे लक्ष दाराकडे गेले. दारात आत्या उभी होती.

"दादा, काल माझा कॅमेरा इथे आला होता?"

"अगं, नव्या यंत्राचं चित्रण करावं म्हटलं. तुझ्या गार खोलीतून आणला, तर इथे आल्याबरोबर काचेवर दव साचलं. मी चांगला पुसून ठेवला, जागच्या जागी. मी साफ केला, मग मी कसा बिघडवीन?"

बालवाचकहो, तो गृहस्थ खोटे बोलत नव्हता. जन्मभर ज्या कडक कापडाचा अभिमान बाळगला, ते कापड कशाची हानी करील हे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते. परंतु स्वतःवर संशयाची सावलीही पडू न देता त्याने एका मुलीवर आरोप केला, हे मी त्याला कदापि माफ करणार नाही.

"गार वस्तू एकदम वाफेत आणली की दव धरणारच," आत्या म्हणाली. "पिशवीत गुंडाळून थोडा वेळ ठेवायची, म्हणजे हळूहळू कोमट होते. आणि काचेवरची धूळ आधी फुंकणीनं उडवायची, मग मऊ कापड हलक्या हातानं. तू धुळीचे कण खळीच्या कापडाखाली रगडलेस. काचेवर दिलेला पातळ थर खरवडला गेला. तो आता परत येत नाही." मग ती झिपरीकडे वळली. "आणि मी तुला विचारलं नाही. माझं चुकलं, बाळ."

काकांनी घाम पुसायला रुमाल उचलला, त्याच्याकडे पाहिले आणि तो तसाच खाली ठेवला. "हुशार हो पोरं. शाबास. झिपरे, काय बक्षीस देऊ, बोल."

"बक्षीस नको, काका. सकाळी तुम्ही गिऱ्हाइकांसमोर माझं नाव घेतलंत. आताही गिऱ्हाइकं उभी आहेत."

काकांनी खोकून घसा साफ केला. राहिलेले कपडे न्यायला आलेल्या चष्मेवाल्या बाई काउंटरपाशीच होत्या.

"ऐका हो सगळे," काका म्हणाले. "सकाळी मी माझ्या पुतणीला बोल लावला. कॅमेरा तिनं नाही, मी खराब केला. आणि तिला न विचारता बोललो, हे त्याहून वाईट केलं."

"मग मीही उगाच तोंड घातलं," बाई पुटपुटल्या. "चांगली धीट आहेस गं मुली."

आत्याने कॅमेऱ्याचा पट्टा झिपरीच्या मनगटात अडकवला आणि स्वतः ओढून घट्ट केला. "उन्हाकडे पाठ करून चित्रण कर, म्हणजे ओरखडे फारसे दिसणार नाहीत. जा, पिल्लं तुमची वाट पाहत थांबणार नाहीत."

तिघे मागच्या दाराने पळाले. काका बराच वेळ त्या दाराकडे पाहत उभे राहिले, आणि त्या दिवशी त्यांनी कोणाच्याही कपड्यांत चूक काढली नाही.

येथवर धीराने वाचणाऱ्या सर्व लहानथोर वाचकांचे मनःपूर्वक आभार मानून लेखणी खाली ठेवतो.

आपला नम्र,
दगडू बाबाजी सुरवसे