नोंद दोनशे तेरा

ब्रॉनी, बस. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो. इथं बस. चहात दूध घालतेस ना? तुझी आई तर अर्धा कप दूधच घालायची. मी म्हणायचो, रेलीन, हा चहा नाही, वासराचं पाजणं आहे.

तुला मुद्दाम बोलावलं, कारण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फक्त मध्येच उठून जाऊ नकोस. शिव्या द्यायच्या त्या शेवटी दे, मी ऐकून घेईन.

शनिवारची गोष्ट. आमचा कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणारा स्टुडिओ बंद पडून दीड महिना झालेला, जागा रिकामी करायला माणूस नाही, म्हणून मलाच गाठलं. काम साधं होतं. अडतीस कॉम्प्युटर खोक्यांत भरायचे आणि किल्ली पहारेकऱ्याला द्यायची. दुपारचे बारा वाजले होते. आमची इमारत म्हणजे नदीकाठची जुनी लोकरीची वखार. फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात तापली की जमिनीच्या फळ्यांतून अजून मेंढीच्या चरबीचा वास सुटतो. पहारेकरी टेविटा, टोंगा बेटावरचा, दाराएवढा गडी, पण जिन्याच्या पायरीवरच थांबला.

"चल ना वर, दोघं मिळून लवकर उरकू," मी म्हणालो.

"नको बाबा. तुमची ती बाई आहे की वर. तिलाच घ्या मदतीला."

"कोण बाई?"

"नाव मला काय ठाऊक? रोज येते. टाइप करत असते... मी काही बघायला जात नाही."

मला वाटलं, ऊन लागलं गड्याला. हसलोसुद्धा.

आता आमच्यातली एक रीत तुला सांगायला हवी. खेळात बग, म्हणजे चूक, सापडला की त्याची नोंद करायची: काय व्हायला हवं होतं, काय होतं, किती वेळा होतं. दुरुस्त करणारा दुरुस्त करतो, पण नोंद बंद करायची ती ज्यानं बग शोधला त्यानंच, स्वतः तपासून. दुसऱ्या कुणाला ती बंदच करता येत नाही. तुझी आई तर दोनदा तपासायची. एकदा स्वस्थ बसून, आणि एकदा जिथं तो बग सगळ्यात महागात पडेल, त्या जागी जाऊन. बावीस वर्षं हेच काम केलं तिनं. तिनं "ठीक आहे" लिहिलं की आम्ही डोळे मिटून पुढं जायचो.

आणि आमचा मालक डेमन! समुद्रातून मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचा खेळ करत होतो आम्ही, शांत, सुंदर. हा दर परदेशवारीहून नवं खूळ घेऊन यायचा. एकदा म्हणे, यात शर्यती घाला. पाणबुड्यांच्या शर्यती! दोन वर्षांचं काम कचऱ्यात गेलं, आणि तारीख मात्र तीच. सोमवारी पैसे लावणारे येणार, शुक्रवारी हा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "उघडे बग शून्य दिसले पाहिजेत."

उघडे होते दोनशे बारा. सगळे तुझ्या आईचे. तिला सांगितलं तर म्हणाली, "वॉरिक, सोन्या, माणूस बुडतोय आणि मी लिहू की छान पोहतोय? जमणार नाही." पर्स उचलली आणि घरी गेली.

तिचा पासवर्ड मला ठाऊक होता, ब्रॉनी. आजारी असली की मीच तिचं काम बघायचो, विश्वासानं दिला होता तिनं. डेमन म्हणाला, हे केलं नाहीस तर अडतीस जण घरी जातील. मी बसलो आणि दोनशे बारा वेळा लिहिलं: तपासलं. ठीक आहे. रेलीन.

होय. मीच. तिनं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. खेळ बाजारात आला आणि आठ दिवसांत बुडाला. पाणबुडा खाली गेला की वरच येईना. लोकांनी छी थू केली. मग एका सकाळी दोन मीटिंगा लागल्या, एक नऊची, एक दहाची. नऊला बोलावणं आलं त्यांची नोकरी गेली, दहाचे राहिले. रेलीनला नऊचं होतं, आणि मला नऊच्या मीटिंगला डेमनशेजारी बसवलं होतं. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "ही बाई न तपासता सह्या करत होती. हिच्यामुळं बुडालो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी कॉफी ढवळत होतो. साखर घातलेली नव्हती, तरी ढवळत होतो.

एक शब्द बोललो असतो तर पुरलं असतं. आमचा धंदा केवढासा, सगळे सगळ्यांना ओळखतात. हिच्या सहीवर भरवसा नाही म्हटल्यावर कोण कामाला ठेवणार? म्हणून एकसष्टाव्या वर्षी ती दूर गॅटन गावी अंडी खोक्यांत भरायच्या कामावर गेली. पहाटेची पाळी, ते वळण, आणि गाडीला आडवा आलेला कांगारू. तिला कांगारूनं मारलं असं सगळे म्हणतात. मला तसं म्हणता येत नाही.

तर शनिवारी मी वर गेलो. मेन स्विच पाडलेला होता, मी स्वतः पाहिला. पंखे बंद, पडदे ओढलेले, आणि तो चरबीचा वास... त्यात आणखी एक वास मिसळलेला. दूध घातलेल्या चहाचा. खिडकीजवळच्या तिच्या टेबलावर कप होता. अर्धा दुधाचा. वाफ निघत होती.

आणि तिच्या कॉम्प्युटरचा पडदा चालू होता.

नोंदी उघडत होत्या. एकेक करून, तिच्या त्या सावकाश चालीनं. प्रत्येकीखाली एकच ओळ: "पुन्हा उघडलं. हे मी तपासलं नव्हतं." खुर्ची रिकामी होती गं. कीबोर्डची बटणं मात्र खाली जात होती... मी पाहत होतो. दोनशे बारा झाल्या. मग एक नवी आली.

बग: वॉरिक गप्प बसतो.
काय व्हायला हवं: खरं सांगावं.
काय होतं: कॉफी ढवळतो.
किती वेळा: दर वेळी.

खाली लिहिलं होतं, पहिली तपासणी ब्रॉनीसमोर, चहा घेताना. दुसऱ्या तपासणीची जागा रिकामी होती.

तो कॉम्प्युटर मी घरी आणला. तिकडं टाकून यायचं धाडस झालं नाही, आणि त्यातलं पुसायचं तर त्याहून नाही. तो काय, कपाटावर. वायर जोडलेली नाही, नीट बघ.

एवढंच. आता बोल. शिव्या दे... ब्रॉनी, रडू नकोस, त्यापेक्षा मार मला.

काय म्हणालीस?

तिनं असं म्हटलं होतं? "वॉरिक जरा भित्रा आहे, पण सांगेल एक दिवस"? कधी? शेवटच्या आठवड्यात?

अरे देवा. म्हणजे ती वाट बघत होती माझी. मी नुसता फोन उचलला असता तरी... तिची नोकरी गेल्यापासून चार महिने होते माझ्या हातात. चार महिने!

थांब. मागं वळू नकोस एकदम. कॉम्प्युटरचा पडदा लागलाय.

माझा चष्मा कुठं आहे... नको, तूच वाच. मोठ्यानं वाच.

"पहिली तपासणी: ठीक आहे."

तिचंच आहे हे. ठीकनंतर एवढी मोठी मोकळी जागा तीच सोडायची. आणि खाली? वाच ना, का थांबलीस?

"दुसरी तपासणी: गॅटनचं वळण. आज."

बरं. जातो मी. नाही, तू यायचं नाहीस, तू बसनं घरी जा. जिथं महागात पडलं तिथं, हे तिनंच तर शिकवलं मला. सांगून येईन तिला, तोंडावर. घाबरलोय, पण जातो.

तो आवाज तुलाही येतोय ना? अंगणातून?

माझीच गाडी आहे. चालू झालीय.

पण ब्रॉनी, किल्ली तर ही बघ, माझ्या मुठीत आहे.