उंबरवाडीचा वाळा

उंबरवाडीत रोज सकाळी एका घराची वासाची पाळी असे. त्या घरातल्या कुणीतरी वाडीवरच्या उतारावर जायचं, वाळ्याच्या रांगेलगत नाक फुलवत चालायचं आणि खाली येऊन काय ते सांगायचं. सर्दी झालेल्याने पाळी बदलून घ्यायची.

वाळ्याचा सुगंध मुळांत. पाती साधी, ताठ, छातीपर्यंत वाढणारी. हे गवत आडवं पसरत नाही. बेट जागच्या जागी जाड होत जातं आणि मुळं सरळ खाली दहा फूट उतरतात. नलिनी केळसकरने प्रयोगशाळेत त्यात एकच बदल केला होता. माती सरकून मुळांना ताण बसला, की त्यांचा वास पात्यांतून बाहेर पडे. दरड कोसळण्याआधी काही तास.

ऑगस्टातल्या झडीच्या सातव्या दिवशी ओढ्यापलीकडच्या वाडीला तिथल्या वाळ्याचा वास आला. तिथली माणसं लगेच निघाली. नलिनी धावतच उंबरवाडीच्या रांगेपाशी पोहोचली. पाळी भागाकाकूंची होती.

"काय नाय, ताई. निस्ता चिखलाचा वास."

"उतार तर एकच आहे, काकू. मग इथेच का नाही?"

"आमची वाडी पुण्यवान!"

नलिनीने एक बेट दोन्ही हातांनी ओढलं. एरवी दोन गड्यांनाही न हलणारं ते बेट अलगद वर आलं. खाली जेमतेम वीतभर मुळं.

काकू ओशाळल्या. "उन्हाळ्यात माठात घालायला काढतो थोडी. पण शेंडा परत लावला हां! लागलाय बघा कसा हिरवागार."

"सगळ्या रांगेचं असंच?"

"माठ घरोघर हायेत."

नलिनीने वर पाहिलं. रांग दाट होती, टवटवीत होती आणि मुकी होती.

"काकू, सगळ्यांना बाहेर काढा. माळावरच्या शाळेत जायचं. आत्ता."

"तुमीच सांगितलंत, वास आल्याबिगर हलायचं नाय. घरात म्हातारी माणसं, गोदाची सून बाळंतीण..."

"मीच सांगितलं होतं. आता मीच मोडतेय. काही झालं नाही तर शाळेत बसून मला शिव्या द्या."

"त्या देईनच," म्हणत काकू भराभर उतार उतरू लागल्या.

बाळंतिणीला नलिनीने स्वतः डोलीत बसवलं. दुपारपर्यंत वाडी रिकामी झाली. शाळेच्या व्हरांड्यातून उतार नेहमीसारखाच दिसत होता. काकू जवळ येऊन बसल्या. शिवी काही त्यांनी दिली नाही.

"आज तुमी होतात, ताई. तुमी नसाल त्या दिवशी वास नाय आला, तर आमी काय समजायचं? डोंगूर शांत हाय, का गवत मुकं हाय?"